मिस्टर पम्फ्रे यांचे आमेन

३१ ऑक्टोबर १८५०

मी, एनॉक थर्लबी, वय वर्षे एकाहत्तर, राहणार मार्शम क्रॉस, चर्चच्या फाटकालगतचे घर; शिक्षण धर्मादाय शाळेत चौथ्या इयत्तेपर्यंत, त्यापुढील स्वकष्टाने; विधुर; हुद्दा, येथील चर्चचा क्लार्क. पाळकांची प्रार्थना संपली की सर्व मंडळींच्या वतीने मोठ्याने 'आमेन' म्हणणे हे माझे काम असून ते मी तीन पाळकांच्या हाताखाली केले आहे. आता चौथे आले आहेत. पूर्ण शुद्धीवर आणि कोणाचेही दडपण नसताना मी ही दैनंदिनी आरंभीत आहे. हे मी जबाबदारीने लिहितो.

आरंभिण्याचे कारण असे. नवे पाळक रेव्हरंड क्रेल, जे माझ्या मुलीहूनही वयाने लहान आहेत, त्यांनी आज मला बोलावून घेतले आणि म्हणाले, "थर्लबी, हल्ली सगळीकडे आमेन गायकवृंदच गातो. हार्मोनियमवर फार छान वाटतं. तुम्हालाही जरा विश्रांती मिळेल."

मी म्हणालो, "विश्रांती मी मागितलेली नाही."

"ईस्टर झाला की सभेत ठरवू. मंडळींना काय हवंय ते बघू या," असे ते म्हणाले, व त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो मला आवडला नाही.

माझे पद तहहयात आहे. ते कोणीही काढून घेऊ शकत नाही. परंतु आमेन दुसरे गाऊ लागल्यावर त्या उंच मेजामागे उभे राहून मी करावे काय, हे कोणत्याही कायद्यात सांगितलेले नाही. पाळकांच्या बंगल्यावरून घरी येताना टेकडीवर थांबावे लागले. पूर्वी थांबावे लागत नसे.

१ नोव्हेंबर

आज वाचन झाले. मिस्टर ॲव्हरिज यांच्या कादंबरीचा नवा मासिक भाग लंडनहून आला की गावातील ज्यांना वाचता येत नाही, किंवा येत असूनही भाग विकत घेणे परवडत नाही, अशी मंडळी मिसेस हिबर्ट यांच्या बेकरीमागील खोलीत जमतात. तेथे भट्टीची ऊब असते. वाचतो मी. हा मान मला कोणी दिला नाही. माझ्या आवाजाने तो मिळविला.

मिस्टर ॲव्हरिज गेल्या उन्हाळ्यात आमच्या माडीवर भाड्याने राहिले होते. सायंकाळी ते माझ्यासमोर बसत आणि मला बोलते करीत. मी बोलावे, त्यांनी ऐकावे. इतके लक्षपूर्वक ऐकणारे कोणी मला माझी पत्नी हेस्टर गेल्यानंतर भेटले नव्हते.

या भागात मिस्टर पम्फ्रे नावाचे एक नवे पात्र अवतरले आहे. हा एका चर्चचा क्लार्क आहे. पोट भोपळ्यासारखे, नाक लाल. स्वतःला बिशपांच्या खालोखाल समजतो. बोलण्यापूर्वी टोपीवरून कोपर फिरवितो आणि प्रत्येक क्षुल्लक गोष्टीनंतर म्हणतो, "हे मी जबाबदारीने सांगतो." कोंबडी अंड्यावर बसली, हे मी जबाबदारीने सांगतो! असे जगात कोण बोलते? परंतु ते पोट आणि ते नाक मी तत्काळ ओळखले. आमच्या चर्चचा चोपदार, जॉब ग्रिमवेड. फक्त हुद्दा बदलला आहे, त्याला ओळखू येऊ नये म्हणून. कादंबरीकारांची ही चतुराई मला कळते.

हसू इतके उसळले की मला वारंवार थांबावे लागले. नॅट स्परलिंग, चांभार, तर बाकावरून घसरला. "थर्लबीबाबा, पुन्हा एकदा ते कोपराचं वाचा ना! अगदी तस्सं वाचता हो तुम्ही!" मी पुन्हा वाचले. स्वतः ग्रिमवेड दाराजवळ उभा होता आणि सर्वांहून मोठ्याने हसत होता. बिचाऱ्याला आपलेच चित्र ओळखता आले नाही. मला त्याची किंचित दया आली.

१० नोव्हेंबर, रविवार

मागील बाकांवर हसू ऐकू आले, आणि तेही नेमके माझ्या आमेनच्या वेळी. पूर्वी असे कधी झालेले नाही. ग्रिमवेड आपली काठी घेऊन जवळच उभा होता, त्याला पाहून लोकांना पम्फ्रे आठवला असणार. मी रेव्हरंड क्रेल यांना सुचविले की चोपदाराने काही आठवडे दाराबाहेर उभे राहावे. त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले व पुढील महिन्यात गायकवृंदाची तालीम सुरू करीत असल्याचे सांगितले.

२ डिसेंबर

पुढील भाग आला. यात पम्फ्रेच्या आमेनचे वर्णन आहे. ते इतके उशिरा येते की तोपर्यंत मंडळी बसून घेतात, एक म्हातारी पिशवीतून लिमलेट काढून तोंडात टाकते, आणि दारातला कुत्रा कंटाळून घरी जातो. मग पम्फ्रे डोळे मिटून, स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात पडून, "आ… मेन" म्हणतो. यावर मी ग्रिमवेडचा आवाज काढून ते म्हणून दाखविले. सर्वांनी खोली डोक्यावर घेतली. मिसेस हिबर्ट तेवढ्या हसल्या नाहीत. त्या माझ्यासाठी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मिस्टर थर्लबी, दमला असाल. आज इथंच थांबवा."

"श्रोत्यांना अर्ध्यावर सोडणे माझ्या स्वभावात नाही," मी म्हणालो.

जाताना ग्रिमवेड म्हणाला, "थर्लबी, त्या पम्फ्रेला सांग, कोपर जरा कमी फिरव म्हणावं. टोपीला टक्कल पडेल."

त्याचा निर्लज्जपणा नमूद करून ठेवतो.

येथे एक गोष्ट लिहावीशी वाटते. माझे आमेनही किंचित थांबून येते, परंतु त्याचे कारण वेगळे आहे. हेस्टर तोतरी होती. प्रार्थनेचे शेवटचे शब्द तिच्या ओठांवर इतरांच्या मागून येत. ती डावीकडील तिसऱ्या बाकावर बसे. तिचे ओठ मिटेपर्यंत मी थांबत असे, कारण तिची प्रार्थना अर्धी असताना तिच्यावर आमेनचे झाकण घालणे मला योग्य वाटत नसे. ती गेली, सवय राहिली. अजूनही मी त्या बाकाकडे पाहतो आणि थांबतो. हे मी कोणास सांगितलेले नाही. माझ्या मुलीला, मर्सीला, ठाऊक असावे. ती लहानपणी आईच्या शेजारी बसत असे. पम्फ्रेच्या थांबण्याशी याचा काहीएक संबंध नाही.

२२ डिसेंबर

गायकवृंदाची तालीम ऐकली. सुतार, दोन मळेकरी, आणि शिक्षकाच्या मुली. वाईट गात नाहीत. हे लिहिणे मला जड जात आहे, पण खोटे लिहिणार नाही.

मर्सी म्हणाली, "बाबा, पुढच्या महिन्यात नॅटला वाचू द्या ना. तुमचा घसा धरलाय."

"माझा घसा ठणठणीत आहे. नॅट स्परलिंगला स्वल्पविराम म्हणजे काय हेही ठाऊक नाही."

"वाचू नका म्हणते ना मी. एकदा ऐका माझं."

"का?"

ती बटाटे सोलीत राहिली. ती चाळीस वर्षांची झाली आणि तिचे लग्न झाले नाही, याचे तिला अलीकडे अधिक वाटत असावे.

१ जानेवारी १८५१

आज समजले.

क्रमाने लिहितो. या महिन्याच्या भागात बिशप पम्फ्रेच्या चर्चमध्ये येतात, प्रार्थना संपवितात आणि आमेनची वाट पाहत उभे राहतात. पम्फ्रे थांबतो. बिशप खोकतात. पम्फ्रे तरीही थांबतो. नंतर फाटकापाशी तो बिशपांना सांगतो, "महाराज, घाईने म्हटलेले आमेन स्वर्गात पुन्हा तपासले जाते." हे वाक्य मी वाचले आणि माझी जीभ अडखळली, कारण हे वाक्य माझे आहे. वीस वर्षांपूर्वी आमच्या फाटकापाशी खऱ्या बिशपांना मी ते म्हणालो होतो. गेल्या उन्हाळ्यात एका सायंकाळी मी ते मिस्टर ॲव्हरिज यांना अभिमानाने सांगितले होते.

मी मान वर केली. खोलीतील सर्वजण माझ्याकडे पाहत होते. माझ्या तोंडाकडे नव्हे, हाताकडे. माझी टोपी मांडीवर होती आणि माझे कोपर तिच्यावरून फिरत होते.

कोणीही हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

नॅट स्परलिंग हळूच म्हणाला, "थर्लबीबाबा, आम्हाला वाटलं, तुम्हाला माहितीय. आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम करताय. केवढा मोठा दिल, असं म्हणत होतो आम्ही."

मी उरलेली पाने वाचून पूर्ण केली. मग टोपी घातली आणि घरी आलो. या सर्व काळात मी त्यांच्यासमोर उभा राहून माझीच नक्कल, माझ्याच आवाजात, मान समजून करीत होतो. हे मी जबा

वरील वाक्य अपुरे सोडीत आहे.

१९ जानेवारी, रविवार

हसू आता पुढील बाकांपर्यंत आले आहे. रेव्हरंड क्रेल यांनी खाली पाहिले. मी तिसऱ्या बाकाकडे पाहिले आणि नेहमीइतका थांबलो. हसतील म्हणून मी हेस्टरला मध्येच तोडणार नाही.

३० जानेवारी

मिस्टर ॲव्हरिज आले होते. मी बोलाविले नव्हते. मर्सीने कळविले होते. ते हिवाळ्यातही फुलांचे जाकीट घालतात. माडीखालच्या त्याच खुर्चीवर बसले.

"मिस्टर थर्लबी, तुम्ही रागावला आहात."

"मी रागावलेलो नाही. मला जाणून घ्यायचे आहे की हे कसे करतात."

त्यांना हे अनपेक्षित असावे. ते म्हणाले, "खरं सांगू? माझा वाचक महिन्याभरानं परत येतो. मधल्या काळात त्यानं गाय विकलेली असते, बायकोशी भांडण केलेलं असतं, कुणाला तरी पुरलेलं असतं. माझ्या माणसाचं नाव त्याच्या लक्षात राहत नाही. टोपी राहते. म्हणून प्रत्येकाला एक खूण द्यायची, एक वाक्य द्यायचं, आणि तो आला की आधी ते वाजवायचं. मग गर्दीत चाळीस माणसं असली तरी वाचक म्हणतो, अरे, आला आपला पम्फ्रे!"

"आणि आतला माणूस?"

"आतला माणूस वाचक आपापला घालतो. बरं, सगळा एकाचाच घेतला तर तो जिवंत वाटत नाही. थोडं याचं, थोडं त्याचं."

"माझ्याखेरीज दुसऱ्याचे काय घेतलेत?"

"पोट," ते म्हणाले. "तुम्ही ओळखू नये म्हणून."

"मी ओळखले नाही," मी म्हणालो. "इतर सर्वांनी ओळखले."

त्यांची मान खाली गेली. पुढे ते म्हणाले की अद्याप वेळ आहे. पम्फ्रेला पुढील भागांत चांगला करता येईल. तो आगीतून एखादे मूल वाचवील आणि सारा देश रडेल. मी म्हणालो की मार्शम क्रॉसमध्ये मी एकही मूल आगीतून वाचविलेले नाही, आणि न केलेल्या कामाची पावती मी घेत नाही.

उठता उठता त्यांनी विचारले, "एकच गोष्ट मला सापडली नाही. आमेनच्या आधी तुम्ही का थांबता? उन्हाळाभर बघितलं. कळेना, म्हणून स्वतःच्या आवाजाचं प्रेम असं लिहून टाकलं. ते बरोबर नाही, हे लिहितानाही जाणवत होतं मला."

"सवय आहे," मी म्हणालो.

मर्सी चहाचा ट्रे घेऊन तेथेच उभी होती. नंतर ती त्यांना गाडीपर्यंत पोहोचवायला गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. वारा फार बोचरा आहे.

१ मार्च

नॅट स्परलिंगने वाचले. मी गेलो नाही, परंतु बेकरीच्या खिडकीखालून जाताना ऐकू आले. स्वल्पविराम एकही नाही. या भागात पम्फ्रे नव्हता म्हणे. लोकांनी विचारले, "पम्फ्रे कुठंय? पम्फ्रेशिवाय काय मजा?"

अलीकडे दुपारी झोप लागते आणि उठल्यावर विश्रांती झाल्यासारखे वाटत नाही.

१ एप्रिल

मिसेस हिबर्ट स्वतः घरी आल्या. "शेवटचा भाग आलाय. नॅटच्या तोंडून ऐकायची कुणाची इच्छा नाही. तुम्ही यायचं. नाही म्हणायचं नाही."

"लोकांना पम्फ्रे पाहायचा असेल."

"लोकांना ऐकायचंय. पाहून झालंय सगळ्यांचं."

मी गेलो. मर्सीने यायचे टाळले, डोके दुखते म्हणाली. टोपी मी खोलीबाहेर खुंटीवर ठेवली.

शेवटच्या प्रकरणात पम्फ्रे आजारी पडतो. त्याच्या उशाशी पाळक बसतात व विचारतात की तो आयुष्यभर आमेनपूर्वी थांबत का असे. आणि पम्फ्रे सांगतो. त्याची बायको तोतरी होती. ती डावीकडील तिसऱ्या बाकावर बसे. तिचे ओठ मिटेपर्यंत तो थांबत असे.

मी हे वाचीत होतो. डोळ्यांना पुढची ओळ दिसत होती, ती तोंडाने म्हणायची होती, आणि म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते. श्रोत्यांना अर्ध्यावर सोडणे माझ्या स्वभावात नाही. बायकोचे नाव त्यांनी बदलले आहे. बाक बदललेला नाही. फार सुंदर लिहिले आहे. मला स्वतःला इतके सुंदर लिहिता आले नसते. हेही मी नमूद करतो.

मिसेस हिबर्ट रडत होत्या. नॅट रडत होता. जॉब ग्रिमवेड दाराकडे तोंड करून उभा होता, मग पुढे येऊन त्याने माझा हात धरला. "एनॉक, तू बोलला का नाहीस रे कधी? मी गाढवासारखा हसत राहिलो."

मी हात सोडवून घेतला व टोपी घेऊन घरी आलो. स्वयंपाकघरात मर्सी बसली होती. डोके दुखत नव्हते.

"बाबा," ती म्हणाली, "आता हसायचं थांबतील ना लोक?"

"थांबले," मी म्हणालो.

मिस्टर ॲव्हरिज यांना हे कोणी सांगितले, याचा तपास मी करणार नाही.

६ एप्रिल, रविवार

प्रार्थना संपली. मी तिसऱ्या बाकाकडे पाहिले, तर संपूर्ण चर्च तिसऱ्या बाकाकडे पाहत होते. बायकांनी रुमाल आधीच काढून ठेवले होते. मी थांबलो. ते माझ्याबरोबर थांबले. कोणी हुंदका दिला. पूर्वी त्या जागी तिचे ओठ दिसत असत. आज मला पम्फ्रेच्या बायकोचे ओठ दिसले, छापील.

बाहेर आल्यावर रेव्हरंड क्रेल यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. "थर्लबी, गायकवृंदाचा विषय मी मागे घेतोय. मंडळी ऐकणारच नाहीत. तुमचं आमेन आता कुणी हलवू शकत नाही."

जे मला हवे होते ते मिळाले आहे. मी घरी येऊन बूटही न काढता खुर्चीत बसून राहिलो.

२० एप्रिल, ईस्टर

चर्च तुडुंब भरले होते. बाहेरगावच्या चार गाड्या फाटकाशी उभ्या होत्या. डावीकडील तिसऱ्या बाकावर लंडनहून आलेल्या दोन अनोळखी स्त्रिया बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर शेवटचा भाग होता. दुसरी तिच्या कानाशी म्हणाली, आणि माझ्या मेजापर्यंत ते स्पष्ट ऐकू आले, "बघ हं, आता थांबेल."

रेव्हरंडांनी प्रार्थना संपविली.

मी थांबलो नाही. शेवटच्या शब्दाला लागूनच, जसे कोणताही क्लार्क म्हणतो तसे, मी आमेन म्हटले.

चर्चमधून एक निराशेचा सुस्कारा निघाला. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिले. लोकांना वाटले असेल, म्हातारा विसरला. मी विसरलो नव्हतो. तिचा तो थोडासा वेळ मी त्यांना आणखी देणार नव्हतो. आज ती मागे राहिली असेल, तर घरी येऊन तिची क्षमा मागितली आहे.

२२ एप्रिल

आज चर्चची वार्षिक सभा झाली. रेव्हरंड क्रेल यांनी गायकवृंदाचा विषय मागे घेतल्याचे सांगितल्यावर मी उभा राहिलो आणि म्हणालो की पुढील रविवारपासून आमेन गायकवृंदाने गावे; पदाचा राजीनामा मी देत आहे; कोणी मला त्यास भाग पाडलेले नाही.

नॅट स्परलिंग ओरडला, "अहो थर्लबीबाबा, आता तर जिंकलात ना तुम्ही!"

"पम्फ्रे जिंकला," मी म्हणालो. "मी खाली बसणार आहे. बाकावर. जेथे जागा असेल तेथे."

"तिसरा बाक तुमचाच," ग्रिमवेड म्हणाला. "मी काठी घेऊन उभा राहतो तिथं. लंडनची माणसं आली तर बघतो एकेकाला."

यावर मला हसू आले. बऱ्याच दिवसांनी आले.

तेथून माझ्या ओठांची हालचाल कोणास दिसणार नाही, आणि गायकवृंद आमेन गाऊन मोकळा झाल्यावर मी माझे सावकाश म्हणेन.

वरील सर्व मजकूर खरा आहे. हे मी जबाबदारीने लिहितो; आणि हे वाक्य माझे आहे, मिस्टर पम्फ्रे यांचे नव्हे.

एनॉक थर्लबी, माजी क्लार्क.

राजीनाम्याच्या वेळी समक्ष हजर: रेव्हरंड क्रेल, पाळक, जॉब ग्रिमवेड, चोपदार, नॅट स्परलिंग, चांभार, मिसेस हिबर्ट, बेकरीवाल्या, आणि दाराबाहेर, आत येण्याचे धैर्य न झालेली, माझी मुलगी मर्सी, जिच्यावर माझा राग नाही.